चार पॉइंट पाच चार

पहिल्याच संध्याकाळी मी एअर रायफलचे दोनशे छर्रे वाया घालवले. घाईगडबडीत नाही, अगदी सुबकपणे, मोजून, एकेक करून. ३६ वर्षं आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये पोरांना ‘आधी मोज, मग काप’ म्हणत ओरडलो, आणि निवृत्तीनंतर स्वतः काय केलं, तर आधी कापलं आणि मग मोजायला बसलो.

नात दहा मीटर एअर रायफल शिकते. मॅचची रायफल रेंजवरच राहते, घरी येत नाही. घरच्या सरावासाठी मी एक जुनी स्प्रिंगची रायफल घेतली. नळी मोडून छर्रा घालायचा, नळी मिटवायची, चाप ओढायचा. बोअर साडेचार मिलिमीटर, जोर २० ज्यूलच्या बराच आत, त्यामुळे परवान्याची भानगड नाही. इंदूरला रामबागेतलं आमचं घर जुन्या बांधणीचं. पुढच्या दारापासून मागच्या अंगणाच्या दारापर्यंत सरळ बोळ आहे, टेप लावला तर ११ मीटर भरतो. टोकाला जाड प्लायवूडची पेटी ठेवली, आत चिंध्या ठासून भरल्या, मागच्या दाराला आतून कडी. संध्याकाळी पाच ते सहा बोळातून कुणी जायचं नाही असा नियम केला. सौभाग्यवतींनी तो मान्य केला, पण ‘तुळशीला दिवा लावायला मी गच्चीवरून उडी मारू का?’ हे विचारून घेतल्यावरच.

रायफल सरळ मारत नव्हती. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ अडीच-अडीच मिलिमीटरनं बाहेर. तिथे या रायफलचे दहा छर्रे १६ मिलिमीटरच्या पसाऱ्यात पडायचे. पोरीचा हात म्हणावा, तर मी वाळूच्या पिशवीवर टेकवून मारले तरी तेच. (इथे एक सांगतो. स्प्रिंगची रायफल कडक टेकूवर ठेवून घट्ट आवळली की ती आणखी बिघडते, कारण आत पिस्टन पुढे धावतो तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो आणि सगळं अंग हलत असतं. तिला तळहातावर सैल ठेवावं लागतं. हे कळायलाच माझा एक आठवडा गेला.)

दुखणं अंगठ्याला कळत होतं. एकाच डब्यातला एक छर्रा नळीच्या तोंडात टाकला की खटकन आत पडायचा, पुढचा अंगठ्यानं दाबून बसवावा लागायचा. डब्यावर छापलं होतं ४.५०. मायक्रोमीटर काढला, रॅचेटनं हलकेच लावला. शिसं मऊ असतं, नेहमीसारखा थिंबल पिळला तर छर्राच चेपतो आणि आपण आपलाच जोर मोजतो. छर्ऱ्यांची पुढची डोकी निघाली ४.४९ ते ४.५३. मागच्या पोकळ शेपटाचा व्यास तर आणखी मोठा, ४.७ च्या पुढे, आणि काही ठिकाणी चेपलेला, अंड्यासारखा.

मग मला नानांची सांडशी आठवली.

नाना म्हणजे माझे आजोबा. होळकर संस्थानात कारकून होते, आणि सिमरोळच्या बाजूला थोडी शेती होती. तिथे रानडुकरांसाठी त्यांच्याकडे परवान्याची लिव्हर-अॅक्शन विंचेस्टर होती. चापाखालची कडी खाली-वर केली की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत. काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागोमाग एक झोपलेली असायची. म्हणून त्या गोळ्यांची नाकं चपटी. टोकदार असती तर मागच्या काडतुसाचं टोक पुढच्याच्या बुडातल्या टोपीवर टेकलं असतं, आणि पुढचं सांगायला नको. १९७२ ला वन्यजीव कायदा आला, शिकारीवर कडक बंधनं आली, आणि नाना गेल्यावर बाबांनी रायफल रीतसर परवानाधारक दुकानदाराला विकून टाकली. मी ती कधी उडवली नाही. पण गोळ्या ओतताना नानांना पाहिलं होतं. शेगडीवर लोखंडी पळी, पळीत पातळ शिसं, ओल्या फडक्यावर पडणाऱ्या गोळ्यांचा बसका आवाज. आजी लांबूनच ओरडायची, कारण मेणात चरबी कालवून ते गोळीच्या खाचांत भरायचे आणि चरबी सोवळ्याच्या घरात म्हणजे आकांतच. ओतलेली गोळी नाना तशी वापरत नसत. सांडशीसारख्या एका हत्याराच्या भोकातून ती दाबून पलीकडे काढायचे. मी विचारलं होतं, का? ते म्हणाले, ‘नळीच्या मापाची करतोय.’

आता हे कुणी करू नका. परवान्याशिवाय घरी गोळ्या बनवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि माझा तसा विचारही नव्हता. मला फक्त विकतच्या छर्ऱ्यांना एका मापाच्या भोकातून काढायचं होतं.

पोलोग्राउंडच्या बाजूला माझा एक जुना विद्यार्थी लेथ चालवतो. त्याला अशा भोकाच्या ठोकळ्याचं, म्हणजे डायचं, चित्र काढून दिलं. पाऊण इंची पोलादी गज, त्यात ४.३ चं ड्रिल, मग भोक नेमक्या मापाचं करायला साडेचारचा रीमर, तोंडाशी साठ अंशाचा उतार, आणि छर्रा ढकलायला पितळी दांडी. त्यानं कागद पाहिला आणि म्हणाला, “सर, आधा सूत इधर-उधर चल जाएगा ना?” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी म्हटलं, बेटा, इथे मायक्रॉनची गोष्ट चालली आहे. “तो फिर आप ही खड़े रहो भिया,” असं म्हणून त्यानं स्टूल पुढे सरकवलं. गुरू म्हणून जी काही इज्जत होती ती अशी भियावर आली.

रीमर सियागंजातून नवा घेतला. रीमरला घाई चालत नाही. कमी फेरे, भरपूर तेल, आणि बाहेर काढतानाही उलटा फिरवायचा नाही, नाहीतर धारेत अडकलेला चुरा भोक ओरखडतो. भोक आलं ४.५०, वर फार तर पाच-सात मायक्रॉन. आरशासारखं. मी खूश.

घरी येऊन दोनशे छर्रे काढले. छर्रा डोकं खाली करून भोकात ठेवायचा, दांडीनं दाबायचा, खाली वाटीत टप्प. छर्रे अडकू नयेत म्हणून शिवणयंत्राच्या तेलाचं बोट फिरवलं. शिसं स्प्रिंगसारखं परत फुगत नाही, जे माप दिलं ते धरून बसतं. दोनशेच्या दोनशे ४.५०. शिस्तीत उभे, शाळेच्या प्रार्थनेतल्या पोरांसारखे.

दुसऱ्या दिवशी नातीनं पहिला छर्रा घातला, चाप ओढला आणि बोळात फाडकन असा आवाज झाला की सौभाग्यवती पोळपाट हातात घेऊन बाहेर. नळीतून निळसर धूर. छर्रा टार्गेटच्या वर, पुठ्ठ्याच्या कडेला.

“आबा, ही फुटली का?”

फुटली नव्हती. पिस्टन पुढे धावताना समोरची हवा क्षणात इतकी दाबली जाते की तापते, आणि त्यात तेलाचा थेंब आला की तो पेटतो. डिझेल इंजिनात जे मुद्दाम करतात ते मी नकळत नातीच्या हातात करून दिलं होतं. असे दोन-चार बार झाले तर पिस्टनचं सील आणि स्प्रिंग दोन्ही जातात. रायफल त्या दिवशी बाजूला ठेवली. दोनशे छर्रे साबणाच्या कोमट पाण्यात धुतले, फडक्यावर पसरले, रात्रभर पंख्याखाली. माझ्या बाजूनं एवढंच म्हणेन की त्यांना चहाच्या गाळणीत धुतलं नाही, वेगळी गाळणी आणली. शिशाचा कण पोटात जाऊ नये याची काळजी पहिल्यापासून घेतली. हे काम अंगणातल्या टेबलावरच, मध्ये काही खायचं नाही, शेवटी साबणानं हात. सकाळचे पोहे त्या टेबलाकडे आणायचे नाहीत, हाही घरातला कायदाच झाला.

धुतलेले छर्रे मारले. धूर नाही, आवाज नाही, आणि पसारा २४ मिलिमीटर. आधी १६ होता. एकसारखे, गोल, सुंदर छर्रे, आणि जास्त वाईट मारतात. नात काही बोलली नाही. ती टार्गेट माझ्या हातात देऊन अभ्यासाला गेली, ते जास्त लागलं.

रात्री माळ्यावरची ट्रंक काढली. सांडशी होती. साच्याची एक बाजू तुटलेली, मुठीवर गंज, पण अंगावर कोरलेलं ‘४४ डब्ल्यूसीएफ’ इंग्रजी अक्षरांत स्पष्ट. १८७३ सालच्या विंचेस्टरबरोबर निघालेलं ते काडतूस. त्याच्या गोळीचा पुस्तकी व्यास ०.४२७ इंच, म्हणजे १०.८५ मिलिमीटर. केवळ सवयीनं भोकात टेलिस्कोपिक गेज घातला आणि मायक्रोमीटरवर वाचलं. १०.९२.

पुन्हा मोजलं. आडवं, उभं, दोन्ही तोंडांनी. १०.९२.

बॅटरी मारून भोकात पाहिलं तेव्हा दिसलं. रीमरच्या रेषा नव्हत्या. बारीक, आडव्या, हातानं घासल्याच्या रेषा होत्या, तोंडापासून शेवटापर्यंत एकसारख्या. चिरलेल्या काठीला एमरी पेपर गुंडाळून कुणीतरी ते भोक तासन्‌तास घासून सात शतांश मिलिमीटरनं मोठं केलं होतं. घरात हे करणारा माणूस एकच. जुन्या ४४ च्या नळ्या एका मापाच्या नसत, काही ०.४२७ च्या तर काही ०.४३० च्याही पुढे. नानांच्या नळीत कारखान्याच्या मापाची गोळी सैल पडत असणार. सैल गोळीच्या कडेनं पेटता वायू पुढे पळतो, शिसं वितळवून नळीला फासतो, आणि गोळी कुठे जाईल ते तिचं तिला ठाऊक नसतं. म्हणून नानांनी आधी नळी मोजली आणि मग भोक नळीच्या मापाचं केलं. ‘नळीच्या मापाची करतोय’ हे त्यांनी शब्दशः सांगितलं होतं, आणि मी मात्र डब्याच्या मापाची करत बसलो होतो.

सकाळी नळी मोजली. पद्धत जुनीच आहे. मासेमारीच्या जाळ्याला लावतात ते मऊ शिसं घेतलं, नळीपेक्षा किंचित जाड असा तुकडा ठोकून गोल केला, नळीत एक थेंब तेल (हे तेल नंतर चिंधीनं पुसून, अगदी कोरडं होईपर्यंत पुसून काढलं, आता अक्कल आली होती), आणि लाकडी हातोडीनं तुकडा मागच्या तोंडात बसवला. मग साफसफाईच्या दांडीनं हळूहळू ढकलत नेला. ढकलताना हाताला नळी वाचता येते. कुठे सैल, कुठे घट्ट. सुरुवातीला एक घट्ट जागा, मधे सरळ वाट, आणि पुढच्या तोंडापाशी शेवटच्या दोन बोटांत पुन्हा आवळलेली. तशी ती मुद्दाम ठेवतात, छर्रा बाहेर पडताना नीट धरला जावा म्हणून. नळीच्या आत पेचदार खाचा असतात, त्यांचा ठसा तुकड्यावर उमटतो. तुकडा बाहेर आला तेव्हा अंगावर बारा उंच रेघा, बारा खोल. बारा ही सोयीची संख्या, रेघ समोरासमोर येते आणि मायक्रोमीटर सरळ लावता येतो. पाच, सात अशा विषम खाचा असत्या तर साध्या मायक्रोमीटरनं नीट मोजताच आलं नसतं. तुकड्यावरची उंच रेघ म्हणजे नळीतली खाच. माप आलं ४.५४.

आणि मी छर्ऱ्याचं शेपूट ४.५० केलं होतं.

इथेच नानांची गोळी आणि माझा छर्रा वेगळे पडतात, आणि याच ठिकाणी मी आंधळेपणानं नक्कल केली होती. ओतीव गोळी म्हणजे भरीव दंडगोल, सगळं अंग एका मापाचं, भोकातून काढली की काम झालं. छर्ऱ्याला मात्र कंबर असते. डमरूसारखा तो. डोकं पुढे आट्यांवर, म्हणजे खाचांमधल्या उंचवट्यांवर, बसून त्याला सरळ ठेवतं, आणि मागचं पातळ, पोकळ शेपूट खाचांत दाबून बसतं आणि हवा अडवतं. शेपूट मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं. मी ते दाबून डोक्याएवढं केलं आणि नळीच्या खाचांतून सगळीकडून हवेला वाट काढून दिली. अंडाकृती शेपटं गोल झाली हे खरं, पण सीलच गेलं. आणि जी डोकी ४.४९ होती ती भोकानं काही वाढणार नव्हती. डाय लहान करू शकते, मोठं नाही. कपडा कापता येतो, कापलेला वाढवता येत नाही, हे आमच्या गल्लीतल्या शिंप्यालाही माहीत आहे.

म्हणून काम दोन भागांत तोडलं. शेपटासाठी डाय, डोक्यासाठी निवड.

डाय तीच. तिला ४.५० वरून ४.५७ पर्यंत न्यायचं, म्हणजे नळीच्या खाचेपेक्षा साधारण एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) जास्त. सात शतांश. नानांनी जेवढं घासलं होतं नेमकं तेवढंच, हे लक्षात आल्यावर मी थोडा वेळ तसाच बसलो. मग पितळी गज चिरून त्याला एमरी गुंडाळली आणि विद्यार्थ्याच्या लेथवर डाय सावकाश फिरवत ठेवली. दर दहा मिनिटांनी पुसून, थंड होऊ देऊन मोजायचं. गरम डाय मोजली की खोटं बोलते. मोजायला ड्रिलच्या गुळगुळीत दांड्या निवडून त्यांचीच गेज केली होती. ४.५४ ला पुन्हा बारीक एमरी, शेवटी पितळ चमकवायचं पॉलिश. दोन अडीच तास गेले. विद्यार्थी मधेमधे येऊन बघायचा. एकदा म्हणाला, “सर, इतना तो अपनी शादी में नहीं घिसा मैंने.”

डोक्यांसाठी एका पट्टीत चार भोकं करवली, ४.४९ पासून ४.५२ पर्यंत एकेक शतांशानं वाढत जाणारी. छर्रा डोकं खाली करून लहान भोकापासून लावत जायचा, ज्या भोकात डोकं बसेल ते त्याचं माप. कंटाळवाणं काम. पाचशेच्या डब्याला दोन संध्याकाळी लागल्या. या नळीला ४.५१ ची डोकी मानवतात हे चारही मापांचे दहा-दहा छर्रे मारून कळलं. दुसऱ्या कुणाच्या रायफलला तेच मानवेल असं नाही, त्यामुळे आकडा उतरवून घेऊ नका.

वजनाचा भाग हौसेपोटी. सराफ्यात एक जुने स्नेही आहेत, तिसऱ्या पिढीचे सोनार. त्यांचा काटा मिलिग्रॅम दाखवतो. दुकान बंद करायच्या वेळेला गेलो, बाहेर भुट्ट्याच्या कीसवाल्यांची कढई मांडायला सुरुवात झाली होती. गादीवर बसून छर्रे तोलले. बहुतेक अर्ध्या ग्रॅमच्या किंचित वर, त्यांच्या भाषेत सव्वाचार-साडेचार गुंजा. एक-दोन टक्के इकडे-तिकडे. फार हलके पंधरा-वीस बाजूला काढले. त्यांनी माझी डाय हातात घेऊन फिरवली आणि तार ओढायची त्यांची भोकांची पट्टी, जंतर, पुढे केली. “आम्ही ओढतो, तुम्ही ढकलता,” ते म्हणाले, “ओढलेली तार लांब होते. ढकललेल्याचं पोट फुगतं, सांभाळा.” खरं होतं ते. दांडीचं टोक सपाट असेल तर शेपटाची कड आत वळते. घरी जाऊन दांडीच्या टोकाला शेपटाच्या पोकळीत बसेल असा उंचवटा कानशीनं केला.

मग सगळं एकत्र. ४.५१ ची डोकी, ४.५७ ची शेपटं, तेल नाही, हातात सैल धरलेली रायफल. दहा छर्रे, ९ मिलिमीटर. एका पसाऱ्यावर विश्वास ठेवायचा नसतो, म्हणून पाच वेळा केलं. ८ ते ११ च्या मधे. या स्प्रिंगच्या रायफलीकडून याहून अपेक्षा नाही. अंगठ्याला आता प्रत्येक छर्रा सारखाच लागतो, मला तो फरक आकड्यांपेक्षा आवडतो.

नातीच्या प्रशिक्षकांना सांगितलं तर ते हसले. मॅचचे छर्रे कारखान्यातूनच निवडून, मापाचे डबे करून येतात, त्यांना हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. बरोबरच आहे. हा उद्योग घरच्या रायफलीपुरता. नवा डबा आला की पुन्हा पट्टीची चार भोकं काढायची, कारण नवा डबा म्हणजे नवा साचा, नवी मापं.

सांडशी तेल लावून परत ट्रंकेत ठेवली. सोबत एक चिठ्ठी ठेवली आहे, ‘भोक १०.९२, नानांनी हाताने वाढवलेले.’ ती विंचेस्टर आज कुठल्या भिंतीवर आहे, आहे की वितळली, मला माहीत नाही. नात विचारत होती, ती मी कधी हातात तरी घेतली होती का. नाही घेतली. पण तिची नळी केवढी होती ते आता तिला सांगता आलं.